काउंटरस्पेल : अडवलेल्या मंत्राचे कथन

आपल्या पुराणकथांत दिलेला शाप फुकट जात नाही; उःशाप त्याला केवळ मर्यादा घालतो. अमेरिकेत 1974 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कथाखेळातला ‘काउंटरस्पेल’ मात्र समोरच्याचा मंत्र उच्चारातच मोडतो. 2014च्या नियमांत 60 फुटांच्या आत मंत्र टाकणारा दिसला, की त्याच्याच पाळीत हा प्रतिमंत्र वापरता येई. तिसऱ्या किंवा त्याखालच्या पातळीचा मंत्र फाशाविनाच निष्फळ होई. त्यावरच्या मंत्रासाठी फासा पडे, पण तोही अडवणाऱ्याच्या हातून. ज्याचा मंत्र मोडला, त्याची खर्ची पडलेली मंत्रशक्तीही बुडे.

डावपेच म्हणून हे चोख. कथन म्हणून उणे. या खेळात बोललेले वाक्य हीच कृती असते, आणि इथे एकजण दुसऱ्याचे वाक्यच खोडतो. 2024च्या नियमांनी फासा मंत्र टाकणाऱ्याच्या हाती दिला. शरीराच्या काटकपणावर तो तग धरू शकतो. हरला तरी मंत्रशक्ती शिल्लक राहते. प्रतिमंत्राची धार यामुळे कमी झाली, ही तक्रार खरी आहे. तरीही अडवलेल्यालाही काही करता येते, म्हणून गोष्ट दोघांची राहते.