नोकरी बेस्टची, वस्ती गारंबीची

आपल्या मंडळात लिहू शकतील अशी माणसे पुष्कळ आहेत. न लिहिण्याची कारणे मात्र बहुधा दोनच ऐकू येतात. नोकरीमुळे वेळ मिळत नाही आणि गाव सुटले, आता लिहायचे कशावर? कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांना ही दोन्ही कारणे सांगता आली असती.

पेंडशांचा जन्म १९१३ चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा. शाळकरी वयातच ते मुंबईला आले. पुढे त्यांनी दीर्घकाळ बेस्टमध्ये नोकरी केली आणि या उपक्रमाचा इतिहासही लिहिला. ही नोकरी सांभाळून 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०), 'गारंबीचा बापू' (१९५२) आणि 'हत्या' (१९५४) या चार कादंबऱ्या सहा वर्षांत झाल्या. 'रथचक्र' १९६२ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'तुंबाडचे खोत' हे दोन खंडांचे अवाढव्य काम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखक चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातून एवढे होत नाही. ही रोजच्या बैठकीची कमाई आहे.

समीक्षकांनी पेंडशांना 'प्रादेशिक कादंबरीकार' म्हटले. मला हे विशेषण अपुरे वाटते. कोकणचे वर्णन करणे हा पेंडशांचा हेतूच नव्हे. त्यांना गावाशी भांडण मांडायचे आहे. गारंबीने बापूला वाया गेलेला ठरवले आहे. तो लोकापवाद न जुमानता राधेशी नाते जोडतो आणि त्याच गावात पाय रोवून उभा राहतो. त्या गावात माडापोफळी आहेत, पण खोताची मिजास, भाऊबंदकी आणि कुजबुजही आहे. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा, म्हणजे 'एल्गार'च्याच वर्षाचा. कायद्याने संपत आलेली सत्ता माणसांच्या मनात कशी टिकून राहते, हे पेंडसे पाहत होते.

त्यांची आणखी एक सवय लक्षात घेण्यासारखी आहे. लिहून झालेले पुस्तक ते मिटवून टाकत नसत. 'हद्दपार'वरून त्यांनी 'राजेमास्तर' हे नाटक केले, बापूलाही रंगभूमीवर आणले. 'गारंबीचा बापू'नंतर चाळीसेक वर्षांनी 'गारंबीची राधा' (१९९३) लिहून त्या नात्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. एकदा दिलेला निकाल पुन्हा तपासायला ते तयार असत.

उणिवाही आहेत. 'तुंबाडचे खोत'चा विस्तार उत्तरार्धात आवरता येत नाही, असे मला वाटते. रोजनिशीच्या रूपातली 'लव्हाळी' (१९६६) मुंबईची आहे. तिच्यात कारागिरी आहे, पण गारंबीची धग नाही. ज्या शहरात सारी हयात गेली ते फिके आणि बालपणी सुटलेले गाव जिवंत, असे का व्हावे? माझे उत्तर असे की, मुंबईशी त्यांचा हिशोब चुकता झालेला होता. गावाशी तो कधीच झाला नाही.

इथेच आपला प्रश्न येतो. मी राहतो त्या बेडोकला एके काळी किनाऱ्यालगत कंपाँग, म्हणजे खेडी होती. १९६० च्या दशकात भराव घालायला सुरुवात झाली आणि समुद्र दूर गेला; आता तिथे उंच इमारती आहेत. दिसेनासे झालेले गाव आठवणीत फार लवकर गोड होते, मग ते बेडोकचे असो की कोकणातले. आपल्या अंकांतले गावाकडचे लेख काढून पाहा. आंबे असतात, आजी असते, गणपती असतो, आणि मधोमध व्याकूळ झालेले आपण असतो. गारंबीच्या मधोमध मात्र मुंबईला गेलेला मुलगा नाही. पेंडशांनी स्वतःला चित्रातून काढून घेतले, म्हणून गावातल्या माणसांना तिथे जागा मिळाली.

ही शिस्त मला वेळ काढण्याच्या शिस्तीहून कठीण वाटते. आपल्या मुलांना आपण जो महाराष्ट्र देतो, तो बहुतेक करून स्टेजवर मांडलेला असतो. त्यात कोणी कोणाचा हक्क बुडवत नाही, कोणाला वाळीत टाकत नाही. अशा गावाविषयी मुलांना कुतूहल वाटले नाही, तर दोष त्यांचा नव्हे. त्यांना बापूची गोष्ट सांगून पाहावी. मराठी वाचता येत नसेल, तर इयन रेसाइड यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे. आणि ज्यांना लिहायचे आहे त्यांनी आंब्यापाशी न थांबता, आंब्याच्या त्या झाडावरून कोर्टात कोण गेले होते, तिथून सुरुवात करावी.