हलकेपणाचे माप : डेबियनच्या डेस्कटॉप-निवडीचे एक परीक्षण

संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, पट्ट्या, चिन्हे, फायलींची मांडणी आणि ही सर्व चालविणारी साधने यांच्या समुच्चयास डेस्कटॉप म्हणतात. विंडोज घेणाऱ्यास त्याची निवड करावी लागत नाही. लिनक्सवर उभारलेल्या मुक्तस्रोत कार्यप्रणालींत मात्र ती करावी लागते, आणि यंत्र जुने असल्यास ‘हलका’ डेस्कटॉप घ्यावा, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. हा उपदेश चुकीचा नव्हे; परंतु हलकेपणा कशाने मोजावयाचा, याचा विचार उपदेश करणारे क्वचितच करतात. 1993 साली इयान मर्डॉक यांनी आरंभिलेल्या डेबियन या प्रकल्पात 2012 ते 2014 या अल्पकाळात हलक्या डेस्कटॉपची निवड दोन वेळा झाली आणि दोन्ही वेळा ती मागे घेण्यात आली. हलकेपणाच्या कल्पनेची चिकित्सा करण्यास याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

संस्थापन करताना वेगळे काही न सांगितल्यास डेबियनमध्ये आपोआप मिळणारा डेस्कटॉप त्या वेळी ग्नोम हा होता. 1997 साली सुरू झालेल्या या डेस्कटॉपने एप्रिल 2011 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आपले रूप आमूलाग्र पालटले. नवी मांडणी सुरळीत चालण्यास त्रिमिती चित्रणाची क्षमता आवश्यक झाली. दुर्बळ यंत्रांसाठी ठेवलेली पर्यायी मांडणीही 2013 च्या 3.8 आवृत्तीत काढून टाकण्यात आली. पुष्कळ जुने वापरकर्ते यामुळे दुरावले, आणि ग्नोमचे दुसरे रूप जिवंत ठेवण्यासाठी माटे हा स्वतंत्र प्रकल्प निघाला. एक्सएफसीई त्यापूर्वीचाच. ऑलिव्हिए फोर्दां यांनी 1996 मध्ये त्याचा आरंभ केला, तो युनिक्स यंत्रांवरील सीडीई या व्यापारी डेस्कटॉपचे अनुकरण म्हणून. पुढे त्याने जीटीके हा साधनसंच स्वीकारला आणि संथ परंतु अखंड गतीने तो वाढत राहिला. 4.12 ही आवृत्ती 2015 ची, तर त्यानंतरची 4.14 एकदम 2019 ची. या संथपणाची थट्टा होते. तथापि पाच वर्षांपूर्वीची सवय ज्यास मोडावी लागत नाही, त्या वापरकर्त्यास तोच गुण वाटतो.

ऑगस्ट 2012 मध्ये डेबियनच्या संस्थापकाचे एक प्रमुख रचनाकार जोई हेस यांनी ग्नोमच्या जागी एक्सएफसीई ठेवला. कारण साधे होते : ग्नोम पहिल्या सीडीवर मावत नव्हता. सुमारे 700 मेगाबाइटांच्या तबकडीने डेस्कटॉप ठरवावा, हे आज विचित्र वाटेल. परंतु ज्यांच्यापाशी जलद जोडणी नव्हती त्यांच्या दृष्टीने तबकडीवर जे नाही ते प्रणालीतच नाही. पुढे हा बदल फिरविण्यात आला, आणि मे 2013 ची 7.0 आवृत्ती ग्नोमसहच प्रसिद्ध झाली. नोव्हेंबर 2013 मध्ये पुढील आवृत्तीसाठी पुन्हा एक्सएफसीईची योजना झाली. सप्टेंबर 2014 मध्ये पुन्हा ग्नोम परतला. या वेळी जी कारणे सांगण्यात आली त्यांत सुगम्यता, म्हणजे अपंग वापरकर्त्यांस प्रणाली वापरता येणे, हे मुख्य होते. सिस्टीमडी या सेवाव्यवस्थेशी असलेला मेळ हे दुसरे, काहीसे गौण.

या कारणाकडे टीकाकारांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही. ओर्का हा पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा कार्यक्रम 2006 पासून ग्नोमच्या अंगभूत होता. डेबियनच्या 7.0 आवृत्तीत संस्थापनाची सर्व प्रक्रिया यंत्राच्या वाणीतून ऐकत पार पाडण्याची सोय झाली होती. आता असा दृष्टिहीन मनुष्य कल्पावा, की ज्याने कोणाच्याही मदतीवाचून प्रणाली बसविली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि समोर आलेला डेस्कटॉप मुका निघाला. त्या डेस्कटॉपने किती मेमरी वाचविली, हे त्यास सांगून काय उपयोग? ओर्का एक्सएफसीईवर चालत नाही असे नव्हे. परंतु तो कार्यान्वित करण्यासाठी ज्या खुणा कराव्या लागतात, त्या ज्यास दिसत नाहीत त्यानेच कराव्यात अशी अपेक्षा राहते. यंत्रावरील ओझे उतरले. ते माणसाच्या खांद्यावर आले.

मेमरीचे माप सर्वाधिक प्रचलित आहे आणि सर्वाधिक फसवेही. यंत्र सुरू करून, काहीही काम न करता, किती मेमरी खर्ची पडली हे पाहावयाचे आणि डेस्कटॉपांची क्रमवारी लावावयाची, ही पद्धत रिकाम्या बैलगाडीचे वजन करून तिची उपयुक्तता ठरविण्यासारखी आहे. दोन डेस्कटॉपांतील काही शे मेगाबाइटांचे अंतर ब्राउझरमध्ये चारदोन पाने उघडताच झाकले जाते. दोन गिगाबाइटांच्या यंत्रावर ते अंतर मोलाचे खरेच; आठांवर ते बहुधा चर्चेपुरतेच. शिवाय 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन 13 ने 32 बिटांच्या जुन्या पीसींसाठी संस्थापक देणेच बंद केले. तेथे कितीही हलका डेस्कटॉप उपयोगी नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार संपल्यामुळे जी यंत्रे लिनक्सकडे वळत आहेत, ती बहुतांशी 64 बिटांची आहेत. त्यांच्या बाबतीत मेमरीपेक्षा वापरणाऱ्याच्या सवयीचा प्रश्न मोठा आहे.

एलएक्सडीईचे उदाहरण आणखी एक बाजू दाखविते. तैवानमध्ये 2006 साली निघालेला हा डेस्कटॉप हलकेपणाच्या यादीत दीर्घकाळ अग्रभागी होता. परंतु तो जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीवर उभा होता, आणि त्या आवृत्तीची देखभाल 2020 च्या अखेरीस थांबली. त्याचे कर्ते तत्पूर्वीच क्यूटी या साधनसंचाकडे वळले होते. रेझर-क्यूटी या प्रकल्पाशी हातमिळवणी होऊन एलएक्सक्यूटी जन्मास आला. एलएक्सडीईचा हलकेपणा काही अंशी जुनेपणाचाच होता, असे आता म्हणावयास हरकत नाही.

मराठी वापरकर्त्यास येथे स्वतःचे एक माप लावता येते. इनस्क्रिप्ट कळपाटाने लिहिणाऱ्यास कोणताही डेस्कटॉप चालतो. कळपाटांच्या यादीत भर घातली की काम झाले. परंतु रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटविण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना आयबस वा एफसीआयटीएक्स हा मध्यस्थ लागतो. ग्नोममध्ये आयबस मांडणीच्या पटलातच गुंफलेला आहे. एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी यांत तो वेगळा बसवावा, वेगळा सुरू करावा आणि जीटीके व क्यूटी या दोन्हींना त्याची ओळख करून द्यावी लागते. माहीतगारास हे दहा मिनिटांचे काम. नवख्याने एक ओळ मराठी लिहिण्याआधीच प्रणाली टाकून द्यावी, इतके ते अवघडही ठरू शकते.

या सर्वांचा विचार करता, चार गिगाबाइट वा त्याहून कमी मेमरीच्या यंत्रावर, आणि बसवून देणारा कोणी जाणता माणूस जवळ असल्यास, एक्सएफसीई हीच निवड योग्य ठरते. 2014 चा डेबियनचा निर्णय मात्र, ज्यांच्याजवळ असा कोणी नाही त्यांच्यासाठी, योग्यच होता. आक्षेप घ्यावयाचा तो संस्थापनातील यादीवर. तेथे ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी अशी नावे एकाखाली एक येतात, आणि कोणत्याही नावापुढे एक ओळीचाही खुलासा नसतो.