शिकारु, फेरफटका आणि प्रदक्षिणा

मंचेरियल हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील गाव. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, 2016 पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. येथून आगगाडीने उत्तरेस निघाले की बल्लारशापूर्वीच महाराष्ट्र लागतो. अशा सीमेवरील गावी शब्दांची पारख घरबसल्या होते.

सायंकाळी सहज हवा खावयास जाणे यास तेलुगूत 'शिकारु' असा शब्द आहे. मूळ फारसीतील हा मृगयेचा शब्द. मराठीत आल्यावर त्याने हातचे शस्त्र खाली ठेविले नाही. तेलुगूत मात्र ते केव्हाच गळून पडले. तेलुगू कथेतील पतिपत्नी नदीवर 'शिकारु'ला गेली असता अनुवादकाने त्यांना शिकारीस धाडले, तर अनर्थच व्हावयाचा. पण 'सहलीला गेली' असे लिहिल्यानेही काम भागत नाही. सहलीला ठरलेले स्थळ लागते, सोबत लागते, शिदोरी लागते. 'भटकंती'त घरी परतण्याची निश्चिती नाही. 'शतपावली' जेवणानंतरची, तिच्यात पचनाचा हेतू आहे आणि नावातच मोजदाद आहे.

उरतो तो 'फेरफटका'. त्यातील 'फेर' फार मोलाचा आहे. गेलेला माणूस दिवेलागणीस उंबरठ्यावर येणार, हे आश्वासन त्यात आहे. कोंकणीतील 'भोंवडी'ही भोंवण्यातूनच आलेली; तिच्या शेजारी पोर्तुगीजांकडून आलेला 'पासय'ही गोव्यात नांदतो.

येथे एक भेद जपावयास हवा. प्रदक्षिणेतही पाऊल संथ असते आणि निघालो तेथेच परत यावयाचे असते. परंतु तिला मध्यबिंदू आहे, देव उजव्या हातास आहे. फेरफटक्याला घराखेरीज दुसरा मध्यबिंदू नाही. म्हणून 'देवळाभोवती फेरफटका मारला' या वाक्यात केवळ भक्तीची उणीव नाही, अर्थाचाच दोष आहे.

आजच्या गद्यात या साऱ्यांच्या जागी एकटा 'वॉक' येऊन बसला आहे. मनगटावरील यंत्र त्याची पावले मोजते. मग त्याला 'शतपावली' का म्हणू नये? जुना शब्द हाताशी आहे आणि अर्थही तोच आहे. फेरफटक्यावर मात्र त्याचा हक्क नाही, कारण त्यात पावले कोणीच मोजीत नाही. सीमेवरील घरात मूल तेलुगू शिकते, ते शिकावेच. पण 'शिकारु'ला मराठीत काय म्हणतात असे त्याने विचारले, तर उत्तर देणारे कोणीतरी घरात असावे.