'सति'चे मोजमाप : गुणाचे की पद्धतीचे?

'सति' या पालि शब्दासाठी ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ च्या अनुवादात 'माइंडफुलनेस' हा शब्द योजला. आज तो मानसशास्त्रीय प्रश्नावल्यांत स्थिरावला आहे. त्यांपैकी दोन प्रश्नावल्या आम्ही, एखादी संहिता वाचावी तशा, विधानवार वाचल्या.

ब्राऊन व रायन यांच्या २००३ च्या प्रश्नावलीतील १५ ही विधाने अनवधानाची आहेत. ती जो नाकारील, त्याच्या पदरी 'सति' अधिक. मिलिंदपञ्हात मात्र नागसेन स्थविर अपिलापन व उपगण्हन, म्हणजे कुशल-अकुशलाचे स्मरण आणि हिताचे ग्रहण, ही लक्षणे सांगतात. अट्ठकथा अप्पमादाचा अर्थ 'सतीपासून न दुरावणे' असा करतात, म्हणून अभावाची वाट अगदीच परकी नव्हे. पण केवळ तीच वाट पुरेशी कशी?

बेअर व सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रश्नावलीत ३९ विधाने व पाच अंगे आहेत. अवधानयुक्त कृती आणि स्वतःला दोष न देणे या दोन अंगांची प्रत्येकी आठही विधाने उलट वळणाची, तर निरीक्षण व अप्रतिक्रिया यांची सगळी सरळ. केवळ वर्णनाच्या अंगात दोन्ही प्रकार आढळतात. मग पहिली दोन अंगे परस्परांशी जुळली, तर ती गुणामुळे की वळणामुळे?

कॅम्पबेल व फिस्क यांनी १९५९ मध्येच किमान दोन गुण व दोन पद्धती एकत्र तपासण्याचा आग्रह धरला होता. पुढील घटक-विश्लेषणाने प्रत्येक गुणांकातून गुण, पद्धती व त्रुटी यांचे वाटे वेगळे केले. आइड यांच्या २००० सालच्या प्रतिमानात एक पद्धती प्रमाण मानून इतरांचे विचलन मोजतात. प्रमाण कोणते, हे मात्र गणित सांगत नाही, अभ्यासकाला ठरवावे लागते. (पाठचिकित्सकांना ही अडचण नवी नाही!) तथापि जेथे एक अंग एकाच वळणात बांधलेले आहे, तेथे कोणतेही प्रतिमान त्या अंगापुरते दोहोंना विलग करू शकत नाही.

सारेच वळणाचे खेळ आहेत, असेही आम्ही म्हणणार नाही. बेअर यांच्याच अभ्यासात निरीक्षणाचे अंग विद्यार्थ्यांच्या गटात इतर अंगांशी जुळले नाही, ध्यानाभ्यासींच्या गटात जुळले. विधाने तीच होती, बदलला तो वाचणारा. या निष्कर्षाकडे पालि अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते. दोन्ही वळणांची विधाने आणि स्वकथनासोबत सहसाधकाचे निरीक्षण, एवढे तरी पुढील प्रश्नावलीकर्त्याने योजावे.