कर्सर हलला, पुढे काय?

ब्रेनगेटचा २००६ साली ‘नेचर’मध्ये आलेला शोधनिबंध मला मोलाचा वाटतो. मानेखाली लुळ्या पडलेल्या मॅथ्यू नेगलच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडांची चिप बसवली होती. हात हलवायचे मनात आणताच पडद्यावरचा कर्सर हले, ईमेल उघडे. इजेला तीन वर्षे उलटूनही हालचालीचा इरादा मेंदूत शाबूत होता. मात्र डोक्याला केबल जोडायला, जुळणी करायला तंत्रज्ञ लागे. स्टीफन हॉकिंग गालाच्या स्नायूने, चष्म्यावरील सेन्सरद्वारे अक्षरे निवडत. त्यासाठी कवटी उघडावी लागली नाही. म्हणून अशा साधनाबाबत माझा निकष वेगाचा नाही. मध्यरात्री जाग आलेला माणूस कोणालाही न उठवता ते सुरू करू शकतो का? स्वावलंबनाची कसोटी तिथे लागते.