'स्मृतिचित्रे' आणि 'जे होतं ते चांगल्यासाठीच'

व्हिसा नाकारला गेला, ग्रँट संपली, घरून रात्री दोन वाजता फोन आला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'जे होतं ते चांगल्यासाठीच होतं.' देवळातल्या काकू म्हणतात, चर्चमधले अंकल म्हणतात, आणि देव न मानणारा रूममेटही 'युनिव्हर्सचा काहीतरी प्लॅन असेल' म्हणतो. या वाक्याचा तुम्हाला राग येत असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. श्रद्धेतून उमेद कशी येते, यावर मराठीत इतकं प्रामाणिक पुस्तक मला दुसरं माहीत नाही. तुम्ही ख्रिस्ती असा, नसा, काहीही न मानणारे असा, तरीही.

आधी त्यांच्या नवऱ्याची गोष्ट, कारण तीच जास्त सांगितली जाते. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, धर्मावर बोलणं झालं, आणि त्यांनी टिळकांना 'नवा करार' वाचायला दिला. दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील, असंही ते म्हणाल्याचं सांगतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. चर्चमध्ये जिला 'साक्ष' म्हणतात, तिच्या साच्यात ही गोष्ट अगदी चपखल बसते. भाकीत, शोध, प्रकाश. सगळं जणू आधीपासून ठरलेलं.

'स्मृतिचित्रे'मध्ये हीच घटना दुसऱ्या बाजूने येते. टिळकांना जिथे तारण मिळालं, तिथेच लक्ष्मीबाईंचं घर मोडलं. पदरात लहान मुलगा, नवरा धर्माबाहेर, शिक्षण जेमतेम, आणि नातेवाइकांच्या आधाराने काढलेली वर्षं, त्यातला बराच काळ पंढरपुरात. या ठिकाणी वाचताना जरा थांबा. हे पुस्तक १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. म्हणजे लिहिताना बाई स्वतः ख्रिस्ती होऊन तीस वर्षं उलटून गेली होती. 'तेव्हा कळलं नाही, पण ती देवाचीच योजना होती' असं लिहून मोकळं होणं किती सोपं होतं! वाचकांनी माना डोलावल्या असत्या. बाई त्या दुःखावर नंतरच्या श्रद्धेचं पांघरूण घालत नाहीत. १८९५ची बाई १८९५मध्येच रडते. माझ्या मते पुस्तकाचं सगळ्यात मोठं यश हे आहे, विनोद त्यानंतर.

मग उमेद येते कुठून? फार हळू येते, आणि स्वयंपाकघरातून येते. नवऱ्याजवळ परतल्यावरही बाई सुरुवातीला आपलं सोवळं, आपलं अन्नपाणी वेगळं ठेवतात. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी सगळं घर वेठीला धरलेलं पाहिलेली ही मुलगी. तिला प्रश्न पडतो की जात केली कोणी, देवाने की माणसाने? उत्तर माणसाकडे जातं, आणि मग कोणाच्याही हातचं खाणंपिणं आपोआप मोकळं होतं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम लक्षात घ्या: जातीचा प्रश्न आधी सुटला, ख्रिस्त नंतर आला. कोणी पटवून दिलं म्हणून त्या गेल्या नाहीत, नवऱ्यामागे फरफटतही गेल्या नाहीत.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असंही नाही. १९१७मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि संन्यास घेतला. ख्रिस्ती माणसाचा संन्यास! म्हणजे बाईंच्या पायाखालची जमीन पुन्हा सरकली. १९१९मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ज्या बाईला अक्षरं नवऱ्याने गिरवायला लावली, तिने त्याचे ६४ अध्याय लिहिले. बाईंच्या श्रद्धेबद्दल मला काही सांगायचं झालं तर मी एवढंच दाखवीन. 'असं का झालं' याचं उत्तर त्यांच्याजवळ असो वा नसो, दुसऱ्या दिवशी करायचं काम त्यांच्याजवळ होतं.

आता तक्रारी, कारण नुसती आरती ओवाळणं म्हणजे समीक्षा नाही. पहिली: बाईंचा विनोद कधीकधी राग झाकतो. टिळक घरातलं उचलून कोणालाही देऊन टाकणार आणि संसार बाईंनी निभवायचा, असे प्रसंग वाचून आपण हसतो. त्यांच्या औदार्याची किंमत कोण भरत होतं, हे पुस्तक दाखवतं, पण त्यावर फार वेळ थांबत नाही. दुसरी जास्त गंभीर आहे. अहमदनगर भागातल्या मिशनच्या ख्रिस्ती समाजात महार आणि मांग मोठ्या संख्येने होते. बाईंसाठी जात सोडणं ही मनाची मोठी झेप. पण ज्यांना शिवून घेतलं जात नव्हतं, त्यांना या नव्या धर्मात कसली आशा दिसली, ते पुस्तकातून आतून कळत नाही. ते लोक बाईंच्या गोष्टीत येतात, त्यांची स्वतःची गोष्ट येत नाही. 'मराठी ख्रिस्ती अनुभव' म्हणून फक्त टिळक दांपत्याकडे बोट दाखवण्याची आपली सवय म्हणून अपुरी आहे.

तरीही वाचा, आणि शक्यतो संक्षिप्त आवृत्ती नको, पूर्ण पुस्तक घ्या. मराठी न वाचणारा जोडीदार किंवा मित्र असेल तर शांता गोखले यांचा २०१७चा इंग्रजी अनुवाद आहे. वेळ कमी असेल तर बाप्तिस्म्यापासून पुन्हा एकत्र येण्यापर्यंतचा भाग आधी वाचून काढा. आणि पुढच्या वेळी एखाद्या मैत्रिणीचा व्हिसा अडकला, की 'चांगल्यासाठीच असेल' म्हणण्याआधी तिला जेवायला बोलवा.