स्पर्धेतील दडपण आणि कमानी वक्ररेषेचा सिद्धान्त

स्पर्धापूर्व चिंतेची चर्चा निघाली, की येर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ सालच्या नियमाचा आधार दिला जातो. उत्तेजन वाढते तशी कामगिरी सुधारते व एका मर्यादेपलीकडे ती ढासळते, असे या कमानी वक्ररेषेचे सांगणे. परंतु मूळ प्रयोग उंदरांवरील होता. विजेच्या धक्क्याच्या तीव्रतेचा भेद ओळखण्याच्या शिक्षणावर होणारा परिणाम त्यात तपासला होता. चिंता मोजलेलीच नव्हती. काम जितके अवघड, तितकी उत्तेजनाची इष्ट पातळी खाली येते, हा त्यातील उपयुक्त भाग. पण वक्ररेषेच्या मोहात तोच बहुधा विसरला जातो.

या सिद्धान्ताची मर्यादा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसळे यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सांघिक सुवर्णपदक मिळवूनही, वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर असताना उभ्या स्थितीतील ७.६ गुणांच्या एका नेमाने ते चौथ्या स्थानी घसरले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याच उभ्या स्थितीत त्यांनी स्थान उंचावले आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. हृदयाची धडधड त्या दिवशीही तीव्र होती, श्वासावर ताबा ठेवला आणि नवे काही करून पाहिले नाही, असे त्यांनी नंतर सांगितले.

एका चुकलेल्या नेमावरून चिंतेचा पुरावा काढणे अशास्त्रीय ठरेल. तथापि धडधड आणि यश एकत्र नांदू शकतात, एवढे या उदाहरणावरून निश्चित दिसते. उत्तेजनाचा एकच आकडा पुरेसा नाही. मार्टेन्स, व्हीली व बर्टन यांनी १९९० साली मनातील काळजी, शारीरिक लक्षणे व आत्मविश्वास यांना वेगळे मानले, ते याच कारणाने अधिक ग्राह्य वाटते. काळजी लक्ष खेळातून काढून परिणामाकडे वळविते. शरीराची धडधड तसे करीलच असे नाही.

उपायांचा विचारही याच विवेकाने व्हावयास हवा. दीर्घ, संथ श्वास नेमबाजास दोन नेमांमधील अवकाशात घेता येतो. समुद्रपूर तालुक्यातील गिरडसारख्या गावच्या मैदानावर चढाई करणाऱ्या कबड्डीपटूस तो अवकाश नाही. तीस सेकंदांची चढाई एका दमात, 'कबड्डी'चा उच्चार न तुटता पार पाडावयाची असते. त्याच्यासाठी श्वसनाचा उपाय चढाईपूर्वीच संपला पाहिजे. चढाईत उपयोगी पडेल ती सरावाने पक्की झालेली, निवडक हालचाल. प्रेक्षकांच्या गलक्यात व अटीतटीच्या गुणफलकावर सराव घेणे हा म्हणूनच केवळ विश्रांतीच्या धड्यांहून उचित मार्ग होय.

शेवटचा आक्षेप मापनाचा. इंग्रजी प्रश्नावलीतील शब्दांसाठी सरसकट 'चिंता' योजल्यास ग्रामीण खेळाडूस घरची, पिकाची चिंता आठवण्याचा संभव आहे. तो स्वतः 'दडपण आले', 'धास्ती वाटली', 'छाती धडधडली' असे बोलतो. यांतील पहिले दोन शब्द मनाचे, तिसरा शरीराचा. संशोधनास हवा असलेला भेद बोलीत आधीच वावरत आहे. प्रश्नावलीची रचना तेथून आरंभ झाली, तर उत्तरे खेळाडूची होतील, भाषांतरकाराची नव्हेत.